ओळख परेडच्या खोलीत कॅमेरा लावा : गृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : ओळख परेडचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आणि साक्षीदाराचे पहिले शब्द जसेच्या तसे नोंदवणे याबाबत

महोदय,

१ जुलै २०२४ पासून आपल्या पोलिसांना झडती घेताना मोबाइल बाहेर काढावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले, आणि त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे अ‍ॅपही आले. कडब्याच्या गंजीत लपवलेला कोयता कोणी, कुठून, कसा काढून दिला हे आता न्यायाधीशांना पडद्यावर पाहता येते. मात्र ओळख परेडमध्ये, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून, तो कोयता चालवणारा माणूस म्हणून साक्षीदार ज्या खोलीत एकावर बोट ठेवतो, तिथे काय घडले ते कोणालाच दिसत नाही. तिथून बाहेर येतो तो तीन-चार पानांचा पंचनामा, आणि त्यात साक्षीदाराने रांगेतल्या सर्वांना न्याहाळून अमुक इसमास निश्चितपणे ओळखले, अशा अर्थाचे ठरलेले वाक्य. कोयत्याची जप्ती चित्रित होते आणि माणसाची ओळख ऐकीव राहते.

त्याच संहितेच्या कलम ५४मध्ये ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचे मुद्रण सांगितले आहे, पण ते ओळखणारी व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असेल तेव्हाच. बाकीच्यांसाठी सक्ती नाही. मनाईसुद्धा नाही. त्या मोकळ्या जागेबद्दल हे पत्र आहे.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. कधी आरोपीकडून उभा राहतो, कधी मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करतो. गावातल्या मारामारीत साक्षीदार आरोपीला लहानपणापासून ओळखत असतो. तिथे चेहऱ्याचा प्रश्न नसतो, वैराचा असतो. बांधावरचे भांडण दोघांचे आणि फिर्यादीत नावे नऊ जणांची, ही वेगळी दुखणी आहेत, त्यांवर उपायही वेगळे. मला बोलायचे आहे ते अनोळखी आरोपीबद्दल : रात्री वस्तीवर पडलेला दरोडा, सोनसाखळी हिसकावून पळालेला मोटारसायकलवाला, गर्दीतून सपकन पुढे येऊन वार करून गेलेला कोणी. अशा खटल्यात कित्येकदा सगळा डोलारा एकाच प्रश्नावर उभा असतो : ‘तो हाच का?’

कायद्याच्या दृष्टीने ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नाही. खरा पुरावा साक्षीदाराने कोर्टात शपथेवर केलेली ओळख, परेड म्हणजे तिला दुजोरा. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात खटला उभा राहीपर्यंत चार-पाच वर्षे उलटलेली असतात. आरोपी पिंजऱ्यात, शेजारी बंदोबस्ताचा पोलीस. सरकारी वकील विचारतात, ‘तो इसम आज कोर्टात हजर आहे का?’ अशा वेळी साक्षीदाराने पिंजऱ्याकडे बोट केले नाही तरच नवल. म्हणजे ओळखीची खरी परीक्षा एकदाच होते, परेडच्या खोलीत. आणि त्याच परीक्षेची उत्तरपत्रिका आपण जपून ठेवत नाही.

त्या खोलीतून पोलीस बाहेर गेले त्यालाही इतिहास आहे. १९५१ साली मुंबईत लॉइड्स बँकेच्या रोकडीवर दरोडा पडला. त्या खटल्याच्या अपिलात १९५५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी घेतलेल्या ओळख परेडचा प्रश्न तपासला. साक्षीदाराने पोलिसांसमोर बोट दाखवणे हे पोलिसांना दिलेल्या जबाबासारखेच आहे, त्यामुळे ते पुरावा म्हणून चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हापासून परेड दंडाधिकाऱ्यापुढे आणि पंचांसमोर, पोलीस बाहेर. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत पुढचे तपशीलही आहेत. एक आरोपी असेल तर त्याच्यासोबत साधारण सारख्या दिसणाऱ्या निदान सहा जणांना उभे करायचे, दोन असतील तर दहा-बारा जणांना, आणि शक्यतो एका रांगेत दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. आरोपीला आपली जागा निवडू द्यायची, एक साक्षीदार झाला की जागा आणि हवे तर कपडेही बदलू द्यायचे. ओळखून झालेला साक्षीदार आणि थांबलेला साक्षीदार यांची गाठ पडू द्यायची नाही.

नियम वाईट नाहीत. ते पाळले की नाही हे कळायला मार्ग नाही, ही अडचण आहे. १९९९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले ते असे : आरोपी दाढी आणि लांब केस असलेला, आणि रांगेत दाढीवाला दुसरा कोणीच नाही. अशा रांगेतून माणूस शोधायला घटना पाहिलेली असण्याचीही गरज नाही. ही गोष्ट निदान उलटतपासात बाहेर आली. अशा किती आल्या नसतील! डमी म्हणून उभे केलेले लोक पंचनाम्यात वय आणि अंदाजे उंची एवढेच उरतात. त्यांतला कोण गोरा, कोण काळा, कोणाच्या पायात चप्पल होती आणि कोण कोठडीतून अनवाणी आला होता, हे पाच वर्षांनी ना पंचाला आठवते ना दंडाधिकारी म्हणून परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांना. नायब तहसीलदारांची तर मला दयाच येते. निवडणूक, पूर, पीकपाहणी, मोर्चाचा बंदोबस्त यांतून वेळ काढून ते कारागृहात येतात, आणि मग साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, न आठवणाऱ्या एका दुपारबद्दल दोन तास उलटतपास सोसतात.

आता नाशिकच्या खटल्याबद्दल. तो आपल्या विभागाला चांगला ठाऊक असणार.

जून २००३मध्ये नाशिकजवळच्या शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. दोघे जखमी होऊन वाचले, एक महिला आणि तिचा मुलगा. पुढे भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. म्हणजे तीन पायऱ्या चढून झाल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर सहा फासांची तयारी. दोन प्रत्यक्षदर्शी होते, त्यांनी आरोपींना ओळखले होते. आणखी काय हवे?

हवे ते कागदांतच होते. घटनेनंतर काही दिवसांतच त्या जखमी महिलेला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चौघांना ओळखले होते. हे चौघे त्या सहांपैकी नव्हते. त्यांचा तपास झाला नाही, त्यांच्यावर खटला भरला नाही, आणि अल्बममधली ही ओळख कोणी गंभीरपणे घेतली नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निकाल बाजूला ठेवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला शासनाला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशीची शिक्षा सुनावल्यावर उजेडात आले.

ती महिला खोटे बोलली, असे मला अजिबात वाटत नाही. तिच्यावर जे गुदरले ते गुदरल्यावर तिने नंतर उभ्या केलेल्या माणसांत ते चेहरे पाहिले असतील आणि तिला ते मनापासून खरे वाटले असतील. आमच्या वकिली पेशाने प्रत्यक्षदर्शीसाठी दोनच खण करून ठेवले आहेत : सच्चा आणि फितूर. मनापासून सांगणारा आणि तरीही चुकणारा साक्षीदार आम्हाला उलटतपासात पकडता येत नाही, कारण तो अडखळत नाही. त्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नसतेच.

आठवण साठवणीतल्या लोणच्यासारखी बरणीत बंद राहत नाही. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना मधल्या काळात कानांवर पडलेले, डोळ्यांपुढून गेलेले तिच्यात मिसळते. १९७४मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले, काहींना हाच प्रश्न ‘धडकल्या तेव्हा’ अशा साध्या शब्दांत. आठवड्याने सगळ्यांना विचारले, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटात पन्नासांपैकी सोळा जण हो म्हणाले, दुसऱ्यात पन्नासांपैकी सात. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. आता पोलीस ठाण्यात विचारलेला ‘त्याच्या हातात कोयताच होता ना?’ हा प्रश्न आठवून पाहा.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि माझ्या मते आपल्या पद्धतीचे सगळ्यात मोठे छिद्र तिथेच आहे. १९९८मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदाराला ‘शाब्बास, तुम्ही संशयितालाच ओळखलेत’ असे नुसते म्हटले, तरी त्याची खात्री वाढते. एवढेच नाही, आपण तो चेहरा किती नीट आणि किती वेळ पाहिला होता, याबद्दलचे त्याचे सांगणेही बदलते. म्हणजे उजेड किती होता, अंतर किती होते, हे जे प्रश्न आम्ही कोर्टात विचारतो, त्यांची उत्तरेही त्या एका शाबासकीने रंगलेली असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या रोनाल्ड कॉटनचे असेच झाले. १९८४मध्ये बलात्कार झालेल्या तरुणीने घटना घडतानाच त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा ठरवले होते. तिने आधी फोटोंमधून आणि मग प्रत्यक्ष रांगेतून कॉटनला निवडले. त्यावर, फोटोतला तुम्ही निवडलेला तो हाच, असे पोलिसांनी तिला सांगितले. कोर्टात तिला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या वेळी खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणून उभा केला, तर तिने त्याला कधी पाहिलेच नसल्याचे सांगितले. १९९५मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला. डीएनएने निर्दोष ठरलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या काहीशे खटल्यांत सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख हे एक कारण निघाले.

‘एक चुकेल, सगळे कसे चुकतील?’ हा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. १८९६मध्ये लंडनमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक या माणसाला दहा बायकांनी ओळखले होते. तो तुरुंगात जाऊन आला, १९०४मध्ये पुन्हा तशाच आरोपावर दोषी ठरला, आणि मग खरा ठग सापडला. त्या गदारोळातून इंग्लंडला १९०७मध्ये फौजदारी अपील न्यायालय मिळाले. १९७६मध्ये तिथल्या न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, ओळखीवर उभ्या असलेल्या प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाने ज्युरीला सावध केलेच पाहिजे, असा दंडक घातला : किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये काही आड येत होते का, पाहणे आणि ओळखणे यांत किती दिवस गेले. आपल्याकडे ज्युरी नाही, पण हे प्रश्न आपल्या कोर्टांनाही लागू आहेत.

११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्या निकालात प्रत्यक्षदर्शींच्या ओळखीवर मोठा भाग खर्च झाला आहे. टॅक्सीचालकांसारखे साक्षीदार शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले, प्रवासात चेहरा लक्षात राहावा असे काही कारण नव्हते, कोर्टातली ओळख चार वर्षांनी झाली, आणि परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या दिवशी तसा अधिकारच नव्हता, असे न्यायालयाला आढळले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेले आहे, तेव्हा कोण दोषी यावर मी एक शब्दही लिहिणार नाही. पण स्फोटांत गेलेल्या दीडशेहून जास्त माणसांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी परेड घेणाऱ्याच्या नेमणुकीची मुदत वाचायला लागावी, ही गोष्ट कोणत्याही बाजूच्या माणसाला सलली पाहिजे.

परेडच्या आधीही बरेच काही घडते. आरोपी पकडला की पोलीस ठाण्यासमोर पत्रकार परिषद होते. आरोपीच्या डोक्यावर काळा बुरखा असतो, पण त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या गावगटांत फिरत असतो. सीसीटीव्हीतून काढलेला धूसर चेहरा, त्याखाली नाव, गाव, टोपणनाव. साक्षीदारही त्याच गटांत असतो. याहून साधी वाट म्हणजे तपासी अंमलदाराचा मोबाइल. ‘जरा बघा बरं, हाच ना?’ असे म्हणत एकच फोटो समोर धरला जातो. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. तपास पुढे न्यायचा असतो, वरून फोन येत असतात. पण त्या क्षणी परेड संपलेली असते. पुढे दंडाधिकाऱ्यांपुढे साक्षीदार घटनेतला चेहरा ओळखत नाही, मोबाइलमधला ओळखतो, आणि हा फरक त्याला स्वतःला सांगता येत नाही.

आमचे म्हणणे काय ते आता सरळ लिहितो. ओळख परेड पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आवाजासकट, सलग मुद्रित व्हावी. रांग कशी दिसत होती ते तर त्यातून कळेलच, त्याहून महत्त्वाचे म्हणजे साक्षीदार काय बोलला ते कळेल. ‘ह्योच हाय’ आणि ‘ह्योच वाटतोय, पर डोक्याला टोपी व्हती तवा’ या दोन्हींचे आज पंचनाम्यात ‘निश्चितपणे ओळखले’ असे एकच मराठी होते. त्याला खात्री किती, हे त्याच जागी, शाबासकी मिळण्याआधी, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच बोलीत नोंदवले गेले पाहिजे. गुन्हा करणारा या रांगेत असेलच असे नाही आणि कोणीच ओळखू आला नाही तरी चालेल, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. रांग लावणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे कळणारच, कारण आरोपीला जागा तोच विचारतो. म्हणून साक्षीदाराला आत आणून त्याच्याशी बोलणारा माणूस वेगळा असावा, आणि त्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे. परेडच्या आधी अल्बम, मोबाइलमधला फोटो किंवा सीसीटीव्हीचे चित्र दाखवले असेल तर कोणते, कधी, कोणी दाखवले आणि साक्षीदार काय म्हणाला, हे केस डायरीत यावे आणि आरोपपत्रासोबत आरोपीला मिळावे. ‘ओळखले नाही’ हे उत्तरसुद्धा. नाशिकचा अल्बम सोळा वर्षे दाबून राहू शकला, तो ही नोंद कोणी मागितली नाही म्हणूनच.

नव्या संहितेच्या कलम १५नुसार पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाही विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमता येते. अशा दंडाधिकाऱ्याकडून ओळख परेड घेतली जाऊ नये, हेही एका ओळीत स्पष्ट करावे. १९५५मध्ये पोलिसांना ज्या दारातून बाहेर पाठवले, त्याच दारातून त्यांना नव्या पदनामाने आत घ्यायचे, हे बरे दिसणार नाही.

हरकती मला माहीत आहेत. साक्षीदाराचा चेहरा चित्रित झाला तर त्याला धोका, ही खरी हरकत आहे. मग त्याला एकतर्फी काचेमागे बसवा, मुद्रण सीलबंद करून थेट न्यायालयात पाठवा, न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही देऊ नका. खर्चाची हरकत मला पटत नाही. मध्यवर्ती कारागृहांत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या खोल्या आहेत आणि तपासी अंमलदाराच्या खिशात ‘ई-साक्ष्य’ आहे. तिसरी हरकत कोणी उघड बोलत नाही : मुद्रण झाले तर बचाव पक्षाला आयते कोलीत मिळेल. मी बचाव पक्षाचाच माणूस म्हणून सांगतो, आज प्रत्येक खटल्यात ‘साक्षीदाराला आरोपी आधीच पोलीस ठाण्यात दाखवला होता’ ही सूचना आम्ही उलटतपासात ठरल्याप्रमाणे घालतो, आणि खरी असो वा नसो, तिने शंका निर्माण होते. नीट घेतलेल्या परेडचे मुद्रण असेल तर ती सूचना करायला आमची जीभ रेटणार नाही. प्रामाणिक तपासी अंमलदाराला याहून चांगला बचाव दुसरा नाही.

पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचेही असेच आहे. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. अटक आणि परेड यांच्या मधल्या दिवसांचे हे चित्रण परेडच्या कागदांसोबत वेगळे काढून ठेवावे. मुदत संपली, पुसले गेले, हे उत्तर मग कोणाला द्यावे लागणार नाही. यांतल्या बहुतेक गोष्टींना विधेयक लागत नाही, आपल्या एका परिपत्रकाने आणि कारागृह प्रशासनाला दिलेल्या एका पत्राने काम सुरू होऊ शकते.

शेवटी एक माहिती मागायची आहे. नाशिकच्या खटल्यात २०१९च्या निकालाने आपल्याच विभागाला सांगितले होते की तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा आणि जे नोकरीत असतील त्यांच्यावर कारवाई करावी. त्या निर्देशावर काय झाले, किती जणांची चौकशी झाली, आणि त्या महिलेने अल्बममधून निवडलेल्या चौघांकडे नंतर तरी कोणी वळून पाहिले का, हे गृह विभागाने लेखी जाहीर करावे. पाच खून तिथे झाले आहेत आणि त्यासाठी आज कोणीही दोषी नाही.

आपला विश्वासू,
जिल्हा न्यायालयातील एक फौजदारी वकील